संध्याकाळीही भरलेली

मित्रांनो, मी जुनी झाले आहे हे मला आरशात बघून कळत नाही, माझ्याकडे बघणाऱ्यांच्या चेहऱ्यावरून कळतं. मी पाण्याची एक स्टीलची टाकी आहे. वीस लिटर पाणी मावेल एवढं पोट, वर घट्ट बसणारं झाकण, खाली पितळी तोटी. माझ्या उजव्या कुशीला पंजा मावेल एवढा पोचा आहे. नवखी माणसं तो बघतात आणि म्हणतात, "पडली वाटतं कुठेतरी." पडले नाही, मला ओढून पाडलं. ज्या बाईने पाडलं, तिच्यावर मी एक दिवससुद्धा रागावले नाही.

ज्या कारागिराने मला घडवलं, तो फार कमी बोलायचा. पत्रा वाकवून, सांधे जोडून झाल्यावर त्याने मला काठोकाठ भरलं आणि खाली कोरडा कागद अंथरला. दिवसभर तो येता-जाता त्या कागदाकडे बघत होता. संध्याकाळी कागद कोरडा निघाला तेव्हा माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "शाबास. टाकीची अब्रू तिच्या तोटीत असते. थेंब गळला की गेली." त्या दिवशी मी मनाशी पक्कं ठरवलं, की गळायचं नाही, पाणी सांभाळून ठेवायचं आणि भरलेलं राहायचं. एवढंच माझं शिक्षण, आणि पुढे तेच माझ्या अंगाशी आलं.

तिथून मी आले ती एका मोठ्या धुलाई कारखान्यात. इस्पितळांच्या आणि वसतिगृहांच्या चादरी तिथे धुवायला यायच्या. मला इस्त्रीच्या खोलीच्या दाराशी एका लाकडी स्टुलावर बसवलं. आत डोकावलं की सगळी खोली दिसायची, बाहेर बघितलं की आवार. खोलीत एक मोठा वाफेचा रोलर होता. ओलसर चादर एका बाजूने घालायची आणि दुसऱ्या बाजूने कडक, गरम, सपाट झालेली ओढून घ्यायची. भिंतीशी इस्त्रीची पाच टेबलं. खिडक्या बंद असायच्या, कारण बाहेरची धूळ पांढऱ्या चादरींवर बसते. पंखेही बंद, कारण चादर उडाली की घडी बिघडते. उन्हाळ्यात त्या खोलीत शिरलेला माणूस आधी एक पाऊल मागे घ्यायचा आणि मग आत जायचा.

सात बायका तिथे काम करायच्या. रोलरवर दोघी जावा होत्या. थोरली चादर घालायची, धाकटी ओढायची. एकाच घरात स्वयंपाक करून, एकाच वाटेने कामावर येऊन, दिवसभर एकाच चादरीची दोन टोकं धरून उभ्या राहायच्या आणि तरी त्यांच्या गप्पा संपायच्या नाहीत. शेजारच्या बॉयलरच्या खोलीत एक काका होते, त्यांना सगळे बॉयलरकाका म्हणत. सकाळी मला घासून भरायचं काम त्यांचं. पेला मात्र साखळीने माझ्या कानाला बांधलेला होता, कुणी घेऊन जाऊ नये म्हणून. साखळी हातभर लांब होती. ही साखळी लक्षात ठेवा.

सुरुवातीची वर्षं सुखाची गेली. बायका घटाघटा पाणी प्यायच्या, दुपारी काका मला पुन्हा भरायचे. मग एका वर्षी खोलीमागच्या शौचालयाची जागा साबणाची पोती ठेवायला घेतली. नवं शौचालय आवाराच्या पलीकडे, कार्यालयाला लागून बांधलं. चांगलं होतं, फरशीचं, पांढरंशुभ्र. पण रस्त्यावरची माणसं शिरतात म्हणून त्याला कुलूप लागलं, आणि चावी आली देखरेख करणाऱ्या बाईंकडे.

चावी दोनदा हरवली. तिसऱ्यांदा बाईंनी शक्कल लढवली. इस्त्रीच्या जुन्या टेबलाची हातभर लांबीची फळी घेतली, तिला भोक पाडलं आणि चावी तिला बांधून टाकली. "आता हरवून दाखवा!" त्या म्हणाल्या, आणि सगळ्या हसल्या. मीही हसले असते. कुणालाही त्यात वाईट असं काही दिसलं नव्हतं.

आवारात गाड्यांचे चालक आणि हमाल गाठोड्यांवर बसलेले असत. टेबलावरची एक बाई फळी हातात घेऊन त्यांच्यासमोरून निघाली, तेव्हा एक चालक ओरडला, "काय ताई, बॅटिंगला निघालात?" सगळं आवार खदखदून हसलं. ती बाई तोंड खाली घालून गेली आणि तशीच परत आली. दुसऱ्या दिवशी दुसरी निघाली, तर कुणीतरी षटकार मोजायला लागला.

त्यानंतर बायकांनी फळी मागणं कमी केलं. आणि फळी मागायची नाही, तर पाणी प्यायचं नाही, हे ओघाने आलंच. सकाळी घरून निघतानाच घोटभर घ्यायच्या. तहान फारच लागली तर माझी तोटी सोडून चूळ भरायच्या आणि थुंकायच्या. गोळी चघळायच्या. ओठांवरून ओला हात फिरवायच्या. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो हाच.

पण माणसाला लाजेसोबत फार दिवस राहवत नाही, मग तो तिची गंमत करतो. या बायकांनीही केली. खोलीत पाठ टेकायची खुर्ची एकच होती. दिवसभरात जिने फळीला हात लावला नाही, तिने सुट्टीआधीच्या चहाला त्या खुर्चीवर बसायचं, असं ठरलं. तिला म्हणायचं राणी. थोरली जाऊ लागोपाठ एकोणीस दिवस राणी झाली. "उंटाच्या घराण्यातली आहे मी," ती पाय पसरून सांगायची. सगळ्या हसायच्या आणि हसताना सुकलेले ओठ चिरायचे.

आणि मी? मी संध्याकाळीही भरलेली असायचे. बाई माझं झाकण उचलून बघायच्या आणि मालकांना सांगायच्या, "आपली एक टाकी दिवसभर पुरते हो! दुसरीकडे तीन-तीन लागतात." मी फुशारून जायचे. कारागिराचे शब्द आठवायचे. सात तहानलेल्या बायकांमध्ये मी काठोकाठ भरून बसले होते, आणि त्याला मी माझा सद्गुण समजत होते. आज हे सांगताना मला लाज वाटते.

बॉयलरकाका एकटे कुरकुरायचे. ते आगीजवळ काम करायचे, त्यामुळे त्यांची बाटली सतत तोंडाला. "शोभेला ठेवलीये का ही टाकी?" ते विचारायचे. "तहान लागायची वाट बघू नका गं. तहान लागते तोवर उशीर झालेला असतो." बायका हो हो म्हणायच्या. काकांना पलीकडे जायला फळी लागत नव्हती, ते भिंतीमागे जाऊन यायचे. त्यामुळे त्यांना खरं कारण कधी कळलंच नाही.

मग तो उन्हाळा आला. तीन दिवस हवा हलली नव्हती. चौथ्या दिवशी सकाळीच माझा पत्रा हाताला गरम लागत होता. त्या दिवशी इस्पितळाच्या चादरी चारच्या आत द्यायच्या होत्या.

दोघी जावा माझ्यापाशी थांबल्या, तेव्हा त्यांचं दबक्या आवाजातलं बोलणं मी ऐकलं.

"जाऊबाई, काल पण आग होत होती ना तुम्हाला? मोरीतून बाहेर आलात तेव्हा तोंड बघितलं मी तुमचं."

"उन्हाळी लागलीये. जाईल दोन दिवसांत."

"मग पाणी प्या की भरपूर. उन्हाळीला तेच औषध आहे."

"प्यायलं की जावं लागतं, गेलं की आग होते. नाही प्यायलं की दोन्ही नाही," थोरली म्हणाली. "आणि आज विसावा दिवस आहे माझा. खुर्ची सोडते काय?"

धाकटीने पेला भरून पुढे केला. थोरलीने त्यात दोन बोटं बुडवली, डोळ्यांना लावली आणि पेला तसाच परत दिला. ती दुखणं अंगावर काढत होती आणि आपण हुशारी करतोय असं समजत होती. धाकटीही बोलून थांबली. मोठ्या जावेला याहून जास्त काय सांगणार?

दहाच्या सुमारास थोरलीचा पदर घामाने पाठीला चिकटला होता. अकराला ती दोनदा पोटरी चोळायला वाकली. बाराला तिने जेवणाचा डबा उघडला आणि झाकण लावून टाकलं. "नको वाटतंय," एवढंच म्हणाली. धाकटीने पुन्हा पेला आणला. या वेळी थोरली खेकसली, "एकदा सांगितलेलं कळत नाही का?" ती कधी खेकसायची नाही. खोलीतल्या सगळ्यांनी वर बघितलं आणि पुन्हा आपापल्या इस्त्रीकडे वळल्या.

दीड वाजता मला एक गोष्ट दिसली आणि माझ्या पोटातलं पाणी हललं. थोरलीचा पदर पाठीवरून सुटला होता. तो वाळला होता. इतर सहाजणी घामाने निथळत होत्या आणि तिच्या कपाळावर एक थेंब नव्हता. चेहरा तांबडालाल आणि कोरडा ठणठणीत.

कुणीतरी बघा, मी मनात म्हणत होते. कुणीतरी तिच्या कपाळाला हात लावा. मित्रांनो, आम्हा वस्तूंचा हाच शाप आहे, आम्हाला सगळं दिसतं आणि काही बोलता येत नाही.

थोरलीने एक चादर उलटी घातली. धाकटीने ती काढून परत दिली. थोरलीने ती पुन्हा उलटीच घातली.

"जाऊबाई?"

"दूध उतू जातंय," थोरली म्हणाली.

"कुठलं दूध?"

 थोरली पुढची चादर घालत होती. तिचे हात नेहमीपेक्षा दोन बोटं पुढे जात होते. चादर रोलरखाली सरकली, तिच्याबरोबर तिची बोटं सरकली, आणि ती मागे घ्यायचं तिच्या ध्यानातच नव्हतं.

धाकटीने रोलर थांबवायच्या लाल दांडीवर सगळं अंग टाकलं. रोलर कचकन थांबला. थोरलीची बोटं आणि तो तापलेला लोखंडी रूळ यांच्यात जेमतेम चादरीची एक चुणी होती. अडकलेली चादर जळल्याचा वास खोलीभर पसरला. थोरली दोन पावलं मागे आली, रिकाम्या खुर्चीच्या पाठीला हात लावला आणि खुर्चीसकट खाली कोसळली.

सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. कुणी तिचं नाव घेऊन हाका मारत होतं, कुणी नुसतंच "अगं आई, अगं आई" करत होतं. बॉयलरकाका धावत आले. त्यांनी तिच्या मानेला हात लावला आणि झटक्यात मागे घेतला. "तव्यासारखी तापलीये! बाहेर सावलीत घ्या हिला. गाडी बोलवा इस्पितळाची. पाणी आणा, पाणी!"

बाई फोन लावत होत्या. चौघींनी थोरलीला उचलून आवारातल्या छपराखाली नेलं. धाकटी माझ्याकडे झेपावली. तिने तोटी सोडली. माझी तोटी बारीक, धार करंगळीएवढी. पेला भरेना. भरल्यावर ती तो घेऊन धावली आणि हातभर अंतरावर साखळीने पेला हिसकून घेतला. पाणी जमिनीवर सांडलं. तिने पुन्हा भरला आणि त्या घाईत पुन्हा धावली. साखळीने पुन्हा ओढला.

त्या क्षणी मला माझी अब्रू नको होती. माझे सगळे सांधे सुटावेत आणि मी गळून जावं, असं मला वाटत होतं.

धाकटीने पेला टाकला. तिने दोन्ही हातांनी मला मिठी मारली आणि स्टुलावरून ओढलं. वीस लिटर पाणी आणि मी, दोघांचं ओझं तिला पेलवलं नाही. उंबऱ्यावर मी उजव्या कुशीवर आपटले. हा पोचा तेव्हाचा. तिने मला तशीच फरफटत छपराखाली नेलं आणि झाकण उपटून फेकलं.

एकजण पेला थोरलीच्या तोंडाशी नेत होती. "तोंडात ओतू नका!" काका ओरडले. "शुद्धीवर नाही ती, श्वासनळीत जाईल. अंगावर ओता. चादरी भिजवा, चादरी!"

चादरी म्हणजे सकाळपासून इस्त्री करून ठेवलेल्या, चारच्या गाडीच्या. बायका क्षणभर थबकल्या आणि बाईंकडे बघायला लागल्या. बाईंच्या हातात ती फळी होती, गोंधळात त्यांनी ती तशीच धरून ठेवली होती. त्यांनी फळी खाली टाकली, स्वतः गाठोडं फोडलं आणि वरची चादर माझ्या पोटात कोंबली.

मी त्या दिवशी पहिल्यांदा तळापर्यंत रिकामी झाले. भिजलेल्या चादरी थोरलीच्या मानेखाली, काखेत, पायांवर गुंडाळल्या. हमाल पुठ्ठे घेऊन वारा घालत होते. बॅटिंगचा विनोद करणारा चालक दोन बादल्या घेऊन नळाकडे पळत होता, येत होता, पुन्हा पळत होता. धाकटी थोरलीचं डोकं मांडीवर घेऊन एकच म्हणत होती, "जाऊबाई, दूध उतरवलंय मी. ऐकताय ना? उतरवलंय."

गाडी आली. दोघी जावा गेल्या. आवारात ओल्या चादरी आणि मी, आडवी पडलेली.

तेवढ्यात बाई मटकन खाली बसल्या. काकांनी त्यांना बादलीतलं पाणी दिलं, तर त्यांनी एका दमात तीन पेले संपवले. "सकाळपासून काही प्यायले नव्हते," त्या म्हणाल्या. "चावी माझ्याकडे आहे हो, पण मीच उठून गेले तर मागे काम थांबेल, असं वाटायचं." काकांनी त्यांच्याकडे बघितलं, मग त्या पाचजणींकडे बघितलं, आणि मग फळीकडे. इतक्या महिन्यांत त्यांना आज कळलं.

"म्हणजे पाणी होतं," ते हळूच म्हणाले, "आणि तुम्ही..." 

त्या संध्याकाळी इस्पितळातून निरोप आला, की थोरलीला अजून ओळख पटत नाही. दुसऱ्या दिवशी निरोप आला, की अंगातलं पाणी इतकं आटलं होतं की मूत्रपिंडांनी काम टाकलंय. डॉक्टर काही सांगत नव्हते.  मला पुन्हा स्टुलावर बसवलं होतं आणि काकांनी पक्कड घेऊन साखळी तोडून टाकली होती.

तिसऱ्या दिवशी धाकटी इस्पितळातून थेट कामावर आली. डोळे सुजलेले, अंगावर कालचेच कपडे. तिने माझी तोटी सोडली, पेला भरला, सगळ्यांसमोर उभं राहून शेवटच्या घोटापर्यंत प्यायली आणि मोठ्याने म्हणाली, "बाई, फळी द्या." फळी उंच धरून, मान ताठ ठेवून ती आवारातून गेली. कुणी हसलं नाही. ती परत आली, तर पुढची बाई पेला भरत होती. मग तिसरी, मग चौथी. रोलर थांबलेला होता. दुपारपर्यंत चादरी तशाच पडून राहिल्या. शेवटी बाई उठल्या, एक पेला प्यायल्या, स्वतः फळी घेऊन गेल्या आणि येताना कुलूप काढून घेऊन आल्या.

"आतून कडी आहे," त्या म्हणाल्या. "तेवढी पुरे."

त्या दिवशी दुपारीच मी रिकामी झाले आणि काकांनी मला पुन्हा भरलं. मित्रांनो, माझ्या तळाला हवा लागली तेव्हा मला जे वाटलं, ते काठोकाठ भरलेली असताना कधी वाटलं नव्हतं.

थोरली दोन महिन्यांनी आली. निम्मी झाली होती, धाकटीच्या खांद्यावर हात होता. खोलीत खिडक्यांना बारीक जाळी बसली होती आणि भिंतीवरचा पंखा बायकांच्या बाजूने वळवलेला होता. सगळ्या उठून उभ्या राहिल्या. कुणीतरी तिच्यासाठी ती पाठीची खुर्ची पुढे केली. थोरलीने खुर्चीकडे बघितलं आणि मान हलवली. ती माझ्यापाशी आली. माझ्या पोच्यावरून तिने हात फिरवला.

"हे माझ्यापायी ना?" तिने विचारलं.

"तुमच्यापायी नाही, जाऊबाई," धाकटी म्हणाली. "माझ्या हातून पडली ती."

थोरली एक पेला प्यायली. मग दुसरा. सवयीने तिची नजर बाईंच्या मागच्या, फळी टांगायच्या खुंटीकडे गेली. "फळी कुठंय?"

"जळाली," बॉयलरकाका दारातून म्हणाले. "बॉयलरमध्ये घातली. चांगली वाळलेली होती, झकास पेटली."

 थोरली हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. मी ते पाणी बघितलं आणि मला फार बरं वाटलं. ती रिकामे हात हलवत, सगळं आवार ओलांडून, सावकाश गेली आणि सावकाश परत आली.

आता त्या खोलीत थंड पाण्याचं यंत्र आहे. मला तिथून हलवलं आहे, पण भंगारात नाही. मी त्या शौचालयाच्या दाराबाहेर उभी आहे, येणाऱ्या-जाणाऱ्याला हात धुवायला पाणी देत. तोटी आता थोडी गळते. कारागिराने बघितलं तर नाक मुरडेल, मुरडू दे.

मित्रांनो, मला घासा, पुसा, स्वच्छ पाण्याने भरा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. तुमच्या दप्तरात एक बाटली असते. सकाळी घरातलं कुणीतरी ती भरून देतं. आज घरी पोचल्यावर दप्तरातली पुस्तकं काढायच्या आधी ती कानाशी धरून हलवून बघा. ती भरलेली असेल, तर कुठल्या फळीच्या लाजेने ती तशीच राहिली, ते घरी कुणाला तरी मोठ्याने सांगा.